माद्रिदमधल्या पेरूव्हियन हॉटेलात जेवायला जाताना

प्रश्न ठाण्याच्या एका ताईंचा आहे. त्यांची मुलगी माद्रिदला शिकते. ऑक्टोबरमध्ये ताई, त्यांचे यजमान आणि सासूबाई तिच्याकडे जाणार आहेत आणि मुलीला सगळ्यांना एका पारंपरिक पेरूव्हियन हॉटेलात न्यायचंय. घरात गोमांस चालत नाही, सासूबाई शाकाहारी आहेत आणि अंडंही खात नाहीत, यजमानांना कच्च्या माशाची धास्ती आहे. हॉटेल खरं आहे की नुसता देखावा हे ओळखायचं कसं, आणि मागवायचं काय, असं त्यांनी विचारलंय.

ताई, आधी वेळेचं बोलतो, कारण निम्मं जेवण तिथेच बिघडतं. दुपारी जा. शक्य असेल तर रविवारी दुपारी. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोनच्या सुमाराला सुरू होतं आणि रात्रीचं नऊच्या पुढे. साडेसातला दारात उभं राहिलात तर खुर्च्या टेबलावर उलट्या टाकलेल्या दिसतील. सासूबाईंना रात्री दहाला भरपेट जेवण झेपणारही नाही. शिवाय पेरूमध्ये सेविचे, म्हणजे लिंबात कालवलेला कच्चा मासा, हा प्रकार मुळात दुपारचाच. राजधानी लिमामधल्या बहुतेक सेविचेरिया, म्हणजे सेविचेची हॉटेलं, दुपार कलली की शटर ओढतात. माद्रिदमध्ये गिऱ्हाईक रात्रीचं जास्त म्हणून रात्रीही मिळतं, पण रश्शाचे पदार्थ सकाळी शिजतात, मासा सकाळी कापला जातो आणि किचनचा हात दुपारी गरम असतो. रविवारी दोन वाजता आजी-नातवंडांसकट आलेली पेरूव्हियन कुटुंबं टेबलं जोडून बसलेली दिसली की तुमची अर्धी परीक्षा झाली म्हणून समजा. फक्त आधी फोन करून टेबल राखून ठेवा. सोमवारी बरीच हॉटेलं बंद असतात, तो दिवस टाळा.

आता मुख्य मुद्दा. मी इथल्या पेरूव्हियन किचनमध्येच कामाला आहे आणि रोज बघतो: बाहेरून आलेला माणूस सेविचे मागवतो, त्यावरून हॉटेलला पास-नापास करतो आणि निघून जातो. माझ्या मते हे उलटं आहे. मालवणी हॉटेल नुसत्या तळलेल्या सुरमईवरून जोखण्यासारखं. युरोपातल्या शहरात सेविचे हाच असा पदार्थ आहे की ज्यात किचनचे हात सगळ्यात जास्त बांधलेले असतात. पारंपरिक हॉटेलची खरी जात कळते ती भाताबरोबर येणाऱ्या रश्शाच्या पदार्थांत. का, ते सांगतो.

सेविचे म्हणजे कच्च्या माशाचे तुकडे, मीठ, लिंबू, आही लिमो नावाची वासाची तिखट मिरची, लाल कांदा आणि कोथिंबीर. बस्स. २०२३च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने सेविचेच्या परंपरेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यामुळे आता त्याच्याकडे सगळे फार भक्तिभावाने बघतात. पण करायची रीत साधी आणि घाईची आहे. मासा सुपारीएवढ्या चौकोनी तुकड्यांत कापायचा. बर्फावर ठेवलेल्या थंड भांड्यात आही लिमोची फोड आतून चोळून घ्यायची. मासा टाकून आधी मीठ लावायचं आणि हलवायचं, म्हणजे मासा थोडा चिकट होतो, आपलं पाणी सोडतो. मग लिंबू पिळायचं, तेही अर्ध्याहून जास्त दाबायचं नाही, नाहीतर सालीचा कडवटपणा उतरतो. त्यात दोन-तीन बर्फाचे खडे फिरवून काढून टाकायचे. वरून लेचे दे तिग्रे, म्हणजे माशाचे उरलेले तुकडे, लिंबाचा रस, सेलरी, लसूण, आलं आणि कोथिंबिरीचे देठ वाटून गाळलेलं दाटसर पाणी. कांदा पिसासारखा पातळ चिरून बर्फाच्या पाण्यातून काढलेला. काही मिनिटांत ताट टेबलावर गेलंच पाहिजे. माशाचा बाहेरचा थर दुधी पांढरा आणि मधे अजून पारदर्शक, असं आलं तर ते ताजं. आतपर्यंत पांढराफटक आणि रबरासारखा लागला तर तो आधीपासून कालवून ठेवलेला.

आता लिंबू. पेरूमध्ये जे वापरतात ते छोटं, पातळ सालीचं, भरपूर बियांचं, आंबटजर्द. ते तुमच्या ठाण्याच्या बाजारातलं कागदी लिंबूच आहे, वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने जात एकच. युरोपात सहज मिळतं ते मोठं, बिनबियांचं, ताहिती जातीचं हिरवं लिंबू. रस भरपूर, पण धार कमी आणि वास वेगळा. कुणी त्यात थोडं पिवळं लिंबू मिसळतं, कुणी लेचे दे तिग्रेमध्ये आंबटपणा ओढून आणायचा प्रयत्न करतं. कितीही केलं तरी लिमातला तो पहिला झटका येत नाही.

मासा म्हणाल तर इथे बहुधा कोर्बिना किंवा लुबिना (सी-बास) वापरतात. कोर्बिना हा घोळ, ढोमा यांच्याच कुळातला आहे, त्यामुळे कोकणी जिभेला परका वाटायचा नाही. पण स्पेनमध्ये २००६ पासून एक नियम आहे: कच्चा किंवा जवळजवळ कच्चा वाढायचा मासा हॉटेलने आधी उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठवायचा. कारण आनिसाकिस नावाचा कृमी. समुद्रातल्या माशांत तो असतो आणि लिंबाच्या रसाने मरत नाही. लिंबाने मासा ‘शिजतो’ म्हणतात ते प्रथिनांच्या बाबतीत खरं, जंतू-कृमींच्या बाबतीत नाही. मत्स्यपालनातल्या काही माशांना या नियमातून सूट आहे. तुमच्या यजमानांना सांगा, धास्तीचं कारण खरं आहे आणि त्यावरचा उपायही कायद्यानेच केलाय. नि:शंकपणे विचारा, “एस्ता कोन्खेलादो?” चांगल्या हॉटेलात लगेच हो म्हणतील. “आमचा मासा आज सकाळचाच, कधी गोठवत नाही” असं कुणी छाती फुगवून सांगितलं, तर मी तिथे सेविचे खाणार नाही. गोठवल्याने पोत थोडा ढिला पडतो, ही किंमत आपण मोजतो. तरीही धाकधूक असेल तर कच्चं खायलाच हवं असं कुणी म्हटलेलं नाही. हालेआ मागवा, म्हणजे कुरकुरीत तळलेले मासे आणि कोळंबी-माकुल, वर कांदा-लिंबू. नाहीतर सुदादो, कांदा-टोमॅटो आणि मिरचीच्या वाफेत शिजवलेला मासा. सुदादोबरोबर भात येतो आणि तुमच्या यजमानांचा चेहरा खुलेल, हे लिहून देतो.

म्हणजे सेविचे मागवूच नका असं नाही. चौघांत एक मागवा. ताटात रताळ्याची फोड, मोठ्या दाण्यांचा उकडलेला मका म्हणजे चोक्लो, आणि भाजलेला खारा मका म्हणजे कान्चा असायला हवा. चोक्लोऐवजी डब्यातले पिवळे स्वीट कॉर्नचे दाणे आले, तर समजून जा. चोक्लो गोठवलेला का होईना, माद्रिदमध्ये सहज मिळतो, तेव्हा तो न आणणं हा निव्वळ कंटाळा. ताट संपल्यावर खाली उरलेलं पांढरं पाणी टाकून देऊ नका, चमच्याने प्या. पेरूचे लोक तेच करतात.

आता रश्शाचे पदार्थ. हे प्रवास करतात, कारण त्यांचा जीव मिरचीत आहे, आणि मिरची सुकवून, गोठवून, वाटून कुठेही नेता येते. पेरूच्या स्वयंपाकाचा कणा म्हणजे आही आमारियो. पिकली की ही मिरची खरं तर नारिंगी दिसते. तिखटपणा मध्यम, पण वास फळासारखा, आंब्याच्या जवळ जाणारा. ताजी युरोपात क्वचितच मिळते. कष्टाळू किचन गोठवलेल्या अख्ख्या मिरच्या आणतं, बिया-शिरा काढतं, पाणी बदलून दोन-तीनदा उकळतं, साल काढतं आणि तेलात गुळगुळीत वाटतं. आळशी किचन बरणीतली पेस्ट ओततं. त्या पेस्टमध्ये टिकण्यासाठी आम्ल घातलेलं असतं, ते जिभेच्या कडेला टोचतं. तुम्हाला पहिल्या घासाला मिरचीचा वास न येता नुसता आंबटपणा आला तर ती बरणी आहे. दुसरी मिरची आही पांका, गडद लाल, सुकवलेली, जवळजवळ बिनतिखट, धुराकडे झुकणारी. तिसरी रोकोतो, दिसायला छोट्या टोमॅटोसारखी, काळ्या बियांची, आणि ही मात्र चांगली झोंबते.

हॉटेल जोखायला मी आही दे गायिना मागवतो. उकडलेल्या कोंबडीचे हाताने काढलेले धागे, दुधात भिजवलेला पाव, आही आमारियो, कांदा-लसूण, अक्रोड किंवा पिकान, थोडं चीज. सगळं मंद आचेवर आटवून दाट पिवळा रस्सा. काही घरांत रंगासाठी चिमूटभर हळदही पडते. दोन गोष्टी बघा. कोंबडी सुरीने तुकडे केलेली असेल तर ती घाईत केलेली. धागे हवेत, आणि धागे हातानेच निघतात. दुसरं, रस्सा चमच्यावरून सावकाश उतरायला हवा, पण पिठूळ लागता कामा नये. पिठूळ लागला तर पाव नीट शिजला नाही किंवा कॉर्नफ्लॉवर घातलंय. पाव जास्त आणि मिरची कमी, हा इथला नेहमीचा रोग आहे, कारण स्पॅनिश गिऱ्हाइकाला तिखट सोसत नाही. बरोबर उकडलेला बटाटा, मोकळा भात, काळं ऑलिव्ह आणि अर्धं अंडं येतं. भात आणि बटाटा एकाच ताटात बघून नाक मुरडू नका. बटाटा मूळचा अँडीज पर्वतातला. लिमामध्ये १९७१ पासून आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे आणि तिथे बटाट्याचे हजारो वाण जपलेत. त्यांच्याकडे बटाट्याला भाताबरोबर बसायचा पूर्ण अधिकार आहे.

दुसरा रश्शाचा पदार्थ सेको दे कोर्देरो. कोकराचं मटण, वाटलेल्या कोथिंबिरीच्या हिरव्या मसाल्यात. जिरं, लसूण, आही आमारियो आणि मक्याची आंबवलेली चिचा किंवा बिअर. मटण हाडाजवळचं असावं आणि काट्याने सुटायला हवं. कोथिंबीर सुरुवातीला मसाल्याबरोबर परतलेली असते म्हणून रस्सा गडद हिरवा दिसतो. चकचकीत पोपटी दिसला तर शेवटी कच्ची वाटून ओतलीय. बरोबर भात आणि पिवळ्या घेवड्याची उसळ. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला पेरूच्या जेवणाशी एका घासात ओळख करून द्यायची तर मी हाच पदार्थ पुढे करतो. तुमच्या घरात मटण चालत असेल तर हा चुकवू नका. यादीत काबरितो असेल तर ते करडू, तेही उत्तम.

फळ्यावर कारापुल्क्रा लिहिलेलं दिसलं तर मागचापुढचा विचार न करता मला त्या किचनचा आदर वाटतो. उकडून वाळवलेल्या बटाट्याचे खडे भाजून, भिजवून, शेंगदाणे आणि आही पांका घालून तासन् तास शिजवतात. बहुधा डुकराचं मांस असतं, तेव्हा तुम्ही विचारून ठरवा.

गोमांसाचं सांगतो, कारण इथे सावध राहावं लागतं. यादीत ‘तेर्नेरा’ किंवा ‘रेस’ दिसलं की ते गोमांस. लोमो साल्तादो हा सगळ्यात लोकप्रिय पदार्थ त्याचाच असतो: मोठ्या आचेवर कढईत परतलेले मांसाचे तुकडे, कांदा, टोमॅटो, सोया सॉस, व्हिनेगर, फ्रेंच फ्राइज आणि शेजारी भात. तो चुकला म्हणून वाईट वाटून घेऊ नका, पोयो साल्तादो म्हणजे कोंबडीचा तोच प्रकार बहुतेक जण करून देतात. कढई नीट तापलेली असेल तर टोमॅटो उभा राहतो आणि ताटाला धुराचा वास येतो. ताटात लाल पाणी साचलं असेल तर आच कमी पडली. आन्तिकुचो म्हणजे सळईवर भाजलेले तुकडे, पारंपरिक असेल तर गाईबैलाच्या हृदयाचे. वाढणारा माणूस नुसतं “कार्ने”, म्हणजे मांस, म्हणेल आणि पुढे जाईल, म्हणून तुम्हीच विचारा. हा पदार्थ पेरूमध्ये गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांनी घडवला. मालकाने टाकलेल्या आतड्या-काळजांना आही पांका, व्हिनेगर, लसूण आणि जिऱ्याचं वाटण लावून त्यांनी जे केलं ते आज लिमाच्या रस्त्यांवर संध्याकाळी धूर काढत असतं. गुलामगिरी तिथे १८५४ मध्ये संपली, आन्तिकुचो राहिला. खायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पण शेजारच्या टेबलावरून वास आला तर तो कशाचा आहे हे माहीत असावं.

कढई आणि सोया सॉस पेरूमध्ये कुठून आले असा प्रश्न मुलगी विचारेलच. १८४९ ते १८७४ या काळात सुमारे एक लाख चिनी मजूर करारावर तिथे नेले गेले, ऊसाच्या मळ्यांत आणि ग्वानो खताच्या बेटांवर राबायला. त्यांच्या खानावळींना चिफा म्हणतात आणि आर्रोस चाउफा, म्हणजे परतलेला भात, आज घराघरांत होतो. जपानी लोक १८९९ मध्ये साकुरा मारू या जहाजातून उतरले. मासा पातळ कापून कांद्याशिवाय वाढायचा तिरादितो त्यांच्या हाताखालून आला. माद्रिदमध्ये ‘निक्केई’ (जपानी-पेरूव्हियन) अशी पाटी लावून याच गोष्टी दुप्पट दरात विकणारी बरीच ठिकाणं निघालीत. काही उत्तम आहेत, पण तुम्ही पारंपरिक मागितलंय, तेव्हा तिकडे या खेपेला वळू नका.

सासूबाईंच्या बाबतीत सरळ सांगतो: पेरूव्हियन हॉटेलात पोट भरेल, पण प्रश्न विचारावे लागतील. इथे ‘भाजीचं’ म्हटलं तरी पाणी कोंबडीचं असू शकतं, घेवड्याच्या उसळीत डुकराच्या चरबीची फोड असू शकते, चाउफाच्या कढईत ऑयस्टर सॉस आणि अंडं असतंच असतं, आणि युका नावाच्या कंदाचे तळलेले काप मासा तळलेल्याच तेलातून निघतात. किचनमध्ये तळणीचं वेगळं तेल ठेवायला छोट्या हॉटेलांना परवडत नाही, हे आतून बघून सांगतोय. म्हणून शाकाहारी माणसाने थंड पदार्थांकडे वळावं. पापा आ ला उआन्काईना मागवा: उकडलेल्या बटाट्याच्या चकत्यांवर आही आमारियो, ताजं चीज, आटवलेलं दूध आणि खारी बिस्किटं वाटून केलेला पिवळा सॉस. वर अंडं ठेवतात, ते “सिन उएबो” म्हणून काढायला सांगा. दुसरं सोलतेरितो, आरेकिपा शहराकडचं: फावा बीन्सचे दाणे, मका, ताजं चीज, टोमॅटो, ऑलिव्ह, कांदा आणि थोडा रोकोतो. तिसरं काउसा, लिंबू आणि मिरची घालून मळलेल्या बटाट्याचा थंड थर. आत टूना किंवा कोंबडी असते, पण आवोकादोचं सारण घालून द्या म्हटलं तर बहुतेक देतात. मात्र मेयोनेझ नको म्हणायला विसरू नका, त्यात अंडं असतं. मोठ्या दाण्यांचा मका आणि चीज, चोक्लो कोन केसो, हे तर निर्धोक. चीजमधल्या रेनेटबद्दल, म्हणजे दूध फाडायला वापरतात त्या वासराच्या पोटातल्या अर्काबद्दल, सासूबाई काटेकोर असतील तर हे सगळं चीज वगळूनच सांगावं लागेल, मग सॉस जातो आणि बटाटा उरतो.

मुलीने वाढणाऱ्याला हे असं सांगावं: “मि आब्वेला एस बेखेतारियाना. सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन उएबो, सिन काल्दो.” शेवटचा शब्द महत्त्वाचा, तो रश्श्याच्या पाण्यासाठी आहे. आजीसाठी म्हटलं की पेरूची माणसं फार मनावर घेतात, मालकीण स्वतः बाहेर येऊन विचारपूस करते. युरोपीय नियमाप्रमाणे १४ प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती हॉटेलने द्यावीच लागते. त्यात अंडं, मासे, शेंगदाणे, दूध सगळं येतं. तो तक्ता मागितला तर कुणी वाईट वाटून घेत नाही. हे करताना रविवारच्या गर्दीपेक्षा शनिवारची दुपार बरी, एवढा बदल मी सासूबाईंसाठी करीन.

ओकोपा नावाचा दुसरा एक सॉस दिसेल, हिरवट करडा, शेंगदाण्यांचा. त्यात उआकाताय नावाची पानं असतात. ती झेंडूच्याच कुळातली, वास उग्र. कुणाला पहिल्या घासाला आवडतो, कुणाला कधीच नाही. मला आवडायला वेळ लागला. शेजारच्याने मागवला तर एक बोट लावून बघा, मग ठरवा.

तिखटाबद्दल निराश व्हायची तयारी ठेवा. ताटातला पदार्थ ठाण्याच्या मानाने सौम्यच येईल. तिखट वेगळ्या वाटीत असतं, आही क्रेमा किंवा रोकोतोचं वाटण. ते टेबलावर आपणहून आलं तर हॉटेल घरच्यांसाठी चालतं. आलं नाही तर “उन पोकितो दे रोकोतो, पोर फावोर” म्हणा. किचनमध्ये आत असतंच, पण स्पॅनिश गिऱ्हाइकाच्या भीतीने बाहेर येत नाही. वाटी मागितलीत की आतल्या बायका दारातून डोकावून कोण बसलंय ते बघतात.

प्यायला चिचा मोरादा घ्या. जांभळा मका, अननसाची सालं, दालचिनी आणि लवंग उकळून, गाळून, साखर-लिंबू घालून थंड करतात. घरची असेल तर लवंगेचा वास येतो आणि वर फळाचे बारीक तुकडे तरंगतात. पावडरची असेल तर नुसती गोड आणि रंग संशयास्पद चकाकतो. “एस कासेरा?” एवढं विचारलं की पुरे. इन्का कोला हे पिवळं सोडा पेय १९३५ पासूनचं, पेरूच्या लोकांचा त्यावर जीव आहे, मला ते च्युइंगमसारखं लागतं. पिस्को सावर यजमानांना घ्यायचं असेल तर एकच. ग्लास छोटा दिसतो, पण आत द्राक्षांची चांगली कडक दारू आहे आणि वरचा फेस कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याचा. साधं पाणी हवं असेल तर “उना हार्रा दे आग्वा” मागा. २०२२च्या कायद्याने हॉटेलांना नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं, आणि माद्रिदचं नळाचं पाणी बाटलीपेक्षा चांगलं आहे.

मागवताना एकेकाने एकेक ताट असं करू नका. ताटं मोठी असतात, दोघांना एक पुरतं. चौघांसाठी एक सेविचे किंवा हालेआ, एक उआन्काईना, एक सोलतेरितो, मग एक सेको दे कोर्देरो, एक आही दे गायिना आणि एक वाढीव भात. सगळं मधे ठेवा. एवढ्यात माणशी साधारण २५ ते ३० युरो होतात, पेयांसकट. करासकट किमतीच छापलेल्या असतात. टिप सक्तीची नाही. समाधान झालं तर दोन-चार युरो ठेवून उठायचं. आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर मेनू देल दियाचा फळा बघा: पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव किंवा भात, पेय आणि गोड असं सगळं १५ युरोच्या आसपास. त्यात आही दे गायिना किंवा सेको असण्याची शक्यता खूप असते, आणि मी स्वतः सुट्टीच्या दिवशी तेच खातो.

जागा कुठली, असं विचाराल तर नाव सांगत नाही, कारण आचारी बदलला की हॉटेल बदलतं. पण ग्रान बियाच्या मागे प्लासा दे एस्पान्याजवळ मर्कादो दे लोस मोस्तेनसेस नावाची मंडई आहे. तिथे पेरूची मिरची, जांभळा मका, चोक्लो विकणारे गाळे आहेत आणि मंडईतच साध्या टेबलांवर पेरूव्हियन जेवण मिळतं. मुलीला म्हणावं, आधी तिथे एक चक्कर मार आणि मिरची विकणाऱ्या बाईला विचार की ती स्वतः रविवारी कुठे जेवते. इंटरनेटवरच्या तारकांपेक्षा हा पत्ता जास्त भरवशाचा. भिंतीवर लामाचं भलंमोठं चित्र, यादीत बुरितो आणि नाचोसुद्धा, असं असेल तर दारातूनच परत फिरा. बुरितो मेक्सिकोचा आहे, पेरूचा नाही.

गोडाचं शेवटी, आणि इथे तुमचं नशीब चांगलं आहे. सुस्पिरो हा प्रसिद्ध प्रकार अंड्याचा आहे, तो तुम्ही तिघे घ्या, सासूबाईंना नको. आणि एकच घ्या, कारण तो भयंकर गोड असतो. त्यांच्यासाठी कोम्बिनादो मागवा: एकाच ग्लासात अर्धी जांभळ्या मक्याची, सुकामेवा घातलेली मासामोर्रा आणि अर्धी दालचिनी-लवंगेची तांदळाची खीर. दोन्हींत सहसा अंडं नसतं, तरी एकदा विचारून घ्या. पिकारोनेस ताजे तळत असतील तर तेही बघा, भोपळा आणि रताळ्याच्या पिठाची गरम कडी, वरून गुळाचा पाक. तेल कुठलं ते मात्र विचारा. आणि तुम्ही ऑक्टोबरमध्ये येताय. तो पेरूच्या लोकांचा सेन्योर दे लोस मिलाग्रोसचा, म्हणजे ख्रिस्ताच्या त्यांच्या मोठ्या उत्सवाचा महिना, जांभळे कपडे घालून मिरवणूक निघते, माद्रिदमध्येही. त्या दिवसांत हॉटेलच्या गल्ल्यावर तुरोन दे दोन्या पेपा ठेवलेलं असतं, बडीशेपेच्या वासाच्या कांड्या पाकात एकावर एक रचून वर रंगीबेरंगी गोळ्या टाकलेल्या. त्यात अंडं आणि बरेचदा डुकराची चरबी असते, तेव्हा सासूबाईंना ते नुसतं दाखवा. तुम्ही घ्यायचं ठरवलंत तर मिरवणुकीच्या दिवशी दुपारनंतर जाऊ नका, तोपर्यंत संपलेलं असतं आणि टेबलही मिळत नाही.